तीनशे ग्रॅमचा पेशंट

माझ्या दवाखान्यात दोन वजनकाटे आहेत. एक जमिनीवरचा, कुत्र्यांसाठी. दुसरा टेबलावरचा, घरी केक करणारे लोक मैदा मोजायला वापरतात तसला, ग्रॅम-ग्रॅम दाखवणारा. त्यावर झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि डब्यात उंदीर सोडायचा. पुण्यात दवाखाना थाटला तेव्हा या काट्यावर लव्हबर्ड आणि हॅमस्टर बसतील असा माझा अंदाज होता. उंदीर येतील हे डोक्यातही नव्हतं. आता उंदीर पाळणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत सांगते, की खेळणी नंतर घ्या, आधी असला काटा घ्या आणि एक वही ठेवा. दर रविवारी वजन आणि समोर तारीख.

कारण उंदीर आजार दाखवत नाही. जो दुबळा दिसतो तो आधी कुणाच्या तरी तोंडी जातो, त्यामुळे धडधाकट असल्याचं सोंग त्याच्या रक्तातच आहे. दारापाशी येतो, हातातला शेंगदाणा घेतो, घेऊन कोपऱ्यात जातो. तो शेंगदाणा तिथेच पडून राहिलाय हे पिंजरा साफ करताना कळतं. पूर्ण वाढलेला नर साधारण ४५० ते ६५० ग्रॅमचा, मादी २५० ते ३५० ग्रॅमची. ३०० ग्रॅमच्या मादीचं वजन आठवड्यात ३० ग्रॅमने उतरलं, तर साठ किलोच्या बाईचं सहा किलो उतरल्यासारखं आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, वहीत दिसतो.

मी शिकले परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात. १८८६ साली सुरू झालेलं हे कॉलेज, आणि त्याच परळमध्ये हाफकिन संस्था, जिथे एके काळी प्लेगची लस बनत असे. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. अशा परिसरात शिकताना उंदीर मला दोन ठिकाणी भेटला: औषधशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रयोगाचा प्राणी म्हणून, आणि सार्वजनिक आरोग्याच्या पेपरात लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) आणि प्लेगचा वाहक म्हणून. पेशंट म्हणून तो कुठल्याच पेपरात नव्हता. त्याला उचलायचं कसं, हेसुद्धा मी नंतर शिकले, एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात आयुष्य काढलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून. शेपटीला धरून कधीही उचलायचं नाही, शेपटीची कातडी सालीसारखी निघून हातात येऊ शकते. तळहात छातीखाली, दुसरा हात मागच्या पायांखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. ते म्हणायचे, "उंदराला पडायची भीती असते, डॉक्टर. आपली नसते."

दुकानात मिळणारा पाळीव उंदीर आपल्या गटारातला नव्हे. घरांच्या छपरांत फिरतो तो काळा उंदीर वेगळ्या जातीचा, आणि रात्री आवारात दिसणारी घूस आणखी वेगळी. पाळीव उंदीर मूळचा तपकिरी उंदीर, रॅटस नॉर्व्हेजिकस. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्यांतले वेगळ्या रंगाचे तो बाजूला ठेवायचा, त्यांची पैदास करायचा आणि हौशी लोकांना विकायचा. मुलांसाठी ससे-बदकं रंगवणाऱ्या बिट्रिक्स पॉटरनेही उंदीर पाळला होता. पुढे १९०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगांसाठी पांढऱ्या उंदरांचा एक वंश बांधला गेला, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याची संतती पसरली. त्यामुळे माझ्या टेबलावर लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर बसला, की त्याच्या शंभराहून अधिक वर्षं माणसाच्या हातात वाढलेल्या पिढ्या मला दिसतात. त्याच्या आईवडिलांना मात्र बहुधा कुणाच्या तरी अजगराचं खाद्य म्हणूनच वाढवलेलं असतं.

आणि म्हणून तो स्वस्त असतो. त्याची दुकानातली किंमत माझ्या तपासणीच्या फीपेक्षा कमी, ही या कामातली खरी अडचण आहे. रोगापेक्षा मोठी. एका वडिलांनी मुलासमोरच विचारलं, "मॅडम, औषधापेक्षा नवीन घेतला तर स्वस्त पडेल ना?" मुलगा सातवी-आठवीतला. त्याने बापाकडे पाहिलंही नाही. मला म्हणाला, "औषध किती वाजता द्यायचं?" मी त्यालाच सगळं समजावून सांगितलं, वडिलांना फक्त बिल दिलं.

पैशांचा प्रश्न एक वेळ सुटतो. वेळेचा सुटत नाही. उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. पिल्लू जन्मतं तेव्हा उघडं, आंधळं, बहिरं असतं. दोन आठवड्यांत डोळे उघडतं, तीन आठवड्यांत आईचं दूध सोडतं, पाच-सहा आठवड्यांत स्वतः आईबाप व्हायच्या वयाचं होतं आणि दीड वर्षात म्हातारं. या वेगाने जगणाऱ्याच्या बाबतीत "दोन दिवस वाट बघू" हे वाक्य चालत नाही. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर मी फोनवर धीर देते. उंदीर एक दिवस जेवला नाही तर गाडी काढा म्हणते.

सगळ्यात जास्त उंदीर येतात ते श्वासाच्या त्रासाने. पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या फुप्फुसात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू जन्मापासून ठाण मांडून असतो. तो पूर्णपणे कधीच जात नाही. हवा बरी, अंगात ताकद, मन ठिकाणावर असेल तोवर गप्प असतो. यातलं काही बिघडलं की शिंका, मग घरघर, मग कुशी आत ओढत घेतलेले श्वास. उंदीर तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. तोंड उघडून हवा ओढताना दिसला तर आपल्याकडे फार थोडा वेळ उरलेला असतो. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात, वाफारा द्यावा लागतो, आणि तरीही काही महिन्यांनी तोच पेशंट तीच तक्रार घेऊन येतो. बरा करणं इथे नसतंच, फक्त सांभाळणं असतं.

म्हणून केसपेपरवर मी पहिला प्रश्न लिहिते तो उंदराबद्दलचा नसतो. "देवघर कुठे आहे?" लोक गोंधळतात. पण मराठी घरात उदबत्ती, धूप, मच्छरकॉइल, कपाटातल्या डांबरगोळ्या आणि मिरचीची फोडणी यांतलं काही ना काही त्या पिंजऱ्याच्या वाऱ्यात असतंच. एका घरातल्या आजी नातवासोबत आल्या होत्या. मी धुराचं सांगितल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गणपतीच्या वाहनालाच धूप सोसत नाही म्हणता?" म्हटलं, आजी, वाहन बाप्पाचं आहे, पण फुप्फुस त्याचं स्वतःचं आहे, देवघर नका हलवू, पिंजरा हलवा. पिंजरा नातवाच्या खोलीत गेला आणि पुढच्या खेपेला घरघर खूप कमी होती. आजी त्याही वेळी आल्या होत्या, वाटाण्याएवढा उकडीचा मोदक डबीत घेऊन. तेवढा चालेल म्हटलं, नारळ-गुळाचं सारण जरा काढून.

पिंजऱ्यातली हवा खुद्द उंदरामुळेही बिघडते. मुताचा अमोनिया तळाशी साचतो आणि उंदराचं नाक तळाशीच असतं, आपलं पाच फुटांवर. सकाळी उठल्यावर आपलं नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन एक श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर कालच साफ करायला हवं होतं. माशांच्या काचेच्या टाकीत उंदीर ठेवू नये तो याचसाठी. हवा खेळत नाही. सुताराकडून फुकट आणलेला भुसाही नको. पाइन-देवदारच्या भुशातली द्रव्यं आणि प्लायवूडची धूळ सरळ छातीत जातात. छपाईची शाई नसलेला कागद फाडून, जुने सुती पंचे, स्वेटशर्टचं मऊ कापड, एवढं पुरतं. सुटे दोरे तेवढे कापून टाकायचे; दोरा उंदराच्या बोटाला गुंडाळला गेला की बोट काळं पडतं. आणि साफ करायच्या दिवशी सगळंच्या सगळं बदलू नये, जुन्या कापडाचा एक तुकडा परत ठेवावा. नाहीतर आपला वास गेला म्हणून तो बिचारा दुप्पट मुतून घर पुन्हा आपलं करतो.

रात्री अकराला येणारे फोन बहुतेक एकाच गोष्टीचे असतात: डोळ्यांतून रक्त येतंय. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं तांबूस रंगद्रव्य असतं. गजकर्ण तपासायला आम्ही वापरतो तो वुड्स लॅम्प मी खोलीत अंधार करून त्या डागावर धरते. डाग गुलाबी चमकतो, रक्त चमकत नाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मला तो तसा पडू द्यायचा नसतो. धट्टाकट्टा उंदीर दिवसभर स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ ठेवतो. हा लाल डाग नाकाडोळ्यांवर सुकून बसलाय, म्हणजे त्याने तोंड धुणं सोडलंय. का सोडलंय, ते शोधायला मग खरी तपासणी सुरू होते.

उन्हाळा हा वेगळाच विषय. उंदरांच्या काळजीची पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेची, त्यांत थंडीपासून कसं जपावं याची प्रकरणं. पुण्यातला एप्रिल चाळिशीला टेकतो. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणं त्याला साधत नाही. त्याच्याकडे असते ती शेपटी, जिच्यातून तो रक्तातली उष्णता बाहेर सोडतो, आणि अंगाला फासायला स्वतःची लाळ. तिशीच्या वर पारा गेला की दोन्ही कमी पडू लागतात. दुपारी हनुवटी ओली करून आडवा पडलेला उंदीर आणला, की पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीत होता हे मला न विचारता कळतं. फरशीचा तुकडा, लाल मातीची आडवी ठेवलेली ओली कुंडी, फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली हे उपाय कुठल्या पुस्तकातले नाहीत. पेशंटांच्या घरच्यांनीच शोधले आणि मी पुढच्यांना सांगितले.

खाण्याबद्दल मी फार बोलत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, ओट्स, मोड आलेले मूग, भाजी, आठवड्यातून थोडं उकडलेलं अंडं. बिस्किटं नकोत, चॉकलेट-कांदा नको, कच्चा राजमा तर नकोच. पुढचे दात पिवळे-केशरी असतात ते तसेच असायला हवेत, ब्रश करू नका. हो, एकांनी केला होता.

पण औषध देणं ही कला आहे, आणि तिच्या मुळाशी एक विलक्षण गोष्ट आहे: उंदराला उलटी होत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर काढायची सोय नाही, म्हणून नवं काहीही तो आधी कणभर चाखून बघतो, आणि पोट बिघडलं तर ती चव जन्मभर लक्षात ठेवतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे प्रयोगातून मांडलं. माझ्या पेशंटांच्या घरी ते दर आठवड्याला सिद्ध होतं. कडू गोळी दह्यात लपवून दिली, की गोळी गेली ती गेली आणि दहीही गेलं. म्हणून आवडीच्या पदार्थात औषध कधी घालू नये. ज्याच्याशी वैर झालं तरी चालेल असं काहीतरी शोधावं. उलटी नाही याचा एक फायदा मला शस्त्रक्रियेत होतो. कुत्र्या-मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतो, उंदराला नाही. उपाशी ठेवला तर रक्तातली साखरच उतरते.

शस्त्रक्रिया बहुतेक माद्यांची, स्तनातल्या गाठींची. उंदराच्या मादीची स्तनग्रंथी गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे गाठ काखेत येते, मानेखाली येते, शेपटीजवळही येते, आणि घरच्यांना ती स्तनाची वाटतच नाही. बऱ्याचदा ती साधी असते, कर्करोगाची नव्हे. पण वाढते भराभर. सुपारीएवढी असताना आणली तर अर्ध्या तासाचं काम; लिंबाएवढी झाल्यावर तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही जाड झालेल्या असतात. ३०० ग्रॅमच्या मादीच्या अंगात सगळं मिळून रक्त किती? वीस मिलिलिटरच्या आसपास. दोन मिलिलिटर गेलं तरी मला धडकी भरते, आणि दोन मिलिलिटर म्हणजे भिजलेले कापसाचे थोडेसे बोळे. माझी मदतनीस प्रत्येक बोळा त्याच मैद्याच्या काट्यावर ठेवून आकडा मोठ्याने सांगते. खाली ऊब देणारी गादी, नाकावर आयसोफ्लुरेनचा मास्क, भिंगातून पाहत एकेक रक्तवाहिनी बांधायची. टाके कातडीच्या आत लपवायचे. वर दिसले तर रात्रीत कुरतडून ती स्वतःच काढून टाकते. शुद्धीवर आल्यावर काही मिनिटांत ती उठून बसते आणि तोंड धुऊ लागते. त्या क्षणी आम्ही दोघी काही बोलत नाही. चहा मागवतो.

नर-मादी ओळखण्यातली गंमत इथे सांगायलाच हवी. दुकानदाराने "दोन्ही नर" म्हणून दिलेली जोडी घेऊन लोक येतात आणि एकीचं पोट बघून मी खुर्चीवर बसा म्हणते. गरोदरपण २१ ते २३ दिवसांचं, एका वेताला आठ-दहा-बारा पिल्लं, आणि वेत झाल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे नराला त्याच दिवशी वेगळं करायचं, आणि नर पिल्लांना बहिणींपासून पाचव्या आठवड्यापर्यंत. "एवढ्यात?" असं विचारतात सगळे. एका आयटीतल्या जोडप्याने स्प्रेडशीट करून मला दाखवली होती, काही केलं नाही तर दिवाळीपर्यंत किती होतील याची. त्यांनी सगळी पिल्लं वेळेत वेगळी केली. आकड्यांनी त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाबरवलं.

आया विचारतात ते लेप्टोचं आणि चाव्याचं. घरात वाढलेल्या उंदराकडून धोका कमी, पण शून्य नाही, कारण बाहेरचा उंदीर रात्री पिंजऱ्यापर्यंत येतो, सांडलेल्या दाण्यांसाठी. पिंजरा उंचावर, दाणे झाकून, हात धुऊन. उंदराच्या चाव्याने रेबीज होण्याची शक्यता जवळजवळ नसते. पण चाव्यातून दुसरा एक ताप येऊ शकतो, म्हणून जखम साबणाने धुवा, आणि पुढे ताप आला तर तुमच्या डॉक्टरांना उंदीर पाळलाय हे लाजेकाजेस्तव लपवू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल तर उंदीर घरात मोकळा सोडू नका. ते विष रक्त गोठू देत नाही, आणि लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस उलटलेले असतात. जीवनसत्त्व के-१ लवकर सुरू केलं तर वाचवता येतो.

एकटा उंदीर ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगते. मेंदूचे अभ्यासक जाक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत चिवचिवतात हे त्यांनी दाखवलं. कळपातल्या खेळातही ते तसेच चिवचिवतात. माणूस कितीही लाडका असला तरी रात्री दोन वाजता कुस्ती खेळायला तो जागा नसतो. पण जोडी ठेवली की एक आधी जातो. माझ्या हातून जातो तेव्हा आधी मास्कने भूल देते आणि मग इंजेक्शन, आणि घरच्यांना जवळ थांबायचं असेल तर थांबू देते. उरलेल्याला सोबत म्हणून नवा आणायचा. मग तो म्हातारा जातो आणि नवा एकटा पडतो. ही साखळी कुठे तोडायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या महिन्यात या प्रश्नावर येऊन अडकल्या. नातीने परदेशी जाताना सोपवलेल्या दोन माद्यांपैकी एक गेली होती, दुसरी अंगावरचे केस उपटत बसली होती. मी म्हटलं, बाई, दोन पर्याय आहेत. हिला उंदीर असलेल्या एखाद्या चांगल्या घरी द्या, किंवा दोन लहान माद्या आणा. एक नको, दोन. एकच आणली तर ती दिवसभर हिच्याच अंगावर उड्या मारेल. दोघी असल्या तर एकमेकींवर मारतील आणि हिला हवी तेव्हा ही जाऊन त्यांच्यात झोपेल.

"म्हणजे आणखी तीन वर्षं," त्या म्हणाल्या.

"अडीच धरा."

त्यांनी पर्समधून चष्मा काढला, डायरी काढली आणि पिंजरा केवढा लागेल ते सांगायला सांगितलं. मी सांगत गेले: तिघींना अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, उंची दोन फुटांपेक्षा कमी नको, तळाला नुसती जाळी नको, पायाला जखमा होतात. सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आत. नाहीतर लहानग्या पहिल्या रात्रीच बाहेर येतील आणि तुमच्या पुस्तकांच्या कपाटामागे सापडतील. त्यांनी "अर्धा इंच" खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, पट्टी घेऊन दुकानात गेलं तर चालेल का.

चालेल म्हटलं. पोलादी न्या.